कुंपणाला करवंद लावायचंय? आधी एक ठरवा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्यात शाहूपुरीच्या बाजूला चार गुंठ्यांचा प्लॉट, जमीन मुरमाड, घर बांधून झालंय. पश्चिमेला नुसत्या तारा ओढल्यात. तिथे करवंदाची जाळी करायची, म्हणजे मोकाट जनावरं आत येणार नाहीत आणि पोरांना करवंदंही मिळतील. रोपवाटिकेत ‘करवंद’ म्हणून जे रोप दाखवतात त्याच्या फोटोतली फळं गुलाबी-पांढरी आहेत, ते आपलंच का? दीर म्हणतात विकत कशाला, कासच्या रस्त्याने जाऊन चार जाळ्या उपटून आणू. घरात लहान मुलं आहेत, काट्यांचं काय? मागच्या कोपऱ्यात घाणेरी माजलीय, तिलाही काळी फळं येतात, तर ती ठेवू का? आणि सांगलीला माहेरी काळ्या जमिनीत हेच जमेल का?

सगळ्याची उत्तरं देतो. पण आधी एक ठरवा, कारण अंतर, छाटणी, पाणी सगळं त्यावर अवलंबून आहे. कुंपण हवंय की करवंदं? दोन्ही हवंय हे कळतं, येणारा प्रत्येकजण तेच म्हणतो. म्हणूनच गावात करवंदाची कुंपणं बरीच दिसतात आणि त्यांवर करवंदं मात्र फारशी दिसत नाहीत.

याचं कारण झाडाकडे नीट पाहिलं की सापडतं. फेब्रुवारी-मार्चात यवतेश्वरच्या घाटात एखादी जाळी जवळून बघा. फुलांचा झुपका फांदीच्या टोकाला असतो. बाहेरून गुलाबी झाक असलेल्या कळ्या, उमलल्यावर पाच पाकळ्यांची पांढरी चांदणी, वास जाईच्या जवळपास जाणारा. फांदीच्या मधल्या भागात, जुन्या लाकडावर फुलं जवळजवळ नसतात. म्हणजे वर्षभरात जी नवी फूट वाढली तिच्या शेंड्यावर पुढची करवंदं ठरलेली असतात. आता आपण काय करतो? दिवाळीला रंगरंगोटी करताना माळी बोलावतो आणि कुंपण वरून-बाजूने भिंतीसारखं सपाट करून घेतो. त्या कात्रीखाली येतात ते नेमके हेच शेंडे. थंडीत पुन्हा थोडी फूट येते, पण ती फुलायच्या वयाची होत नाही. मग मालक म्हणतो, झाड वांझ निघालं. झाडाचा दोष काही नसतो.

म्हणून करवंदाची छाटणी वर्षातून एकदाच करायची आणि ती शेवटची करवंदं तोडून झाली की लगेच. साताऱ्यात करवंद एप्रिलच्या शेवटापासून पिकायला लागतं आणि पहिल्या मोठ्या पावसापर्यंत चालतं. पाऊस लागला की उरलेली फळं पाणचट होतात, फुटतात, मग पाखरांना सोडून द्यायची. त्या दिवसांत, म्हणजे जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत, छाटून घ्या. पुढे अख्खा पावसाळा झाडाला फुटायला मिळतो आणि दिवाळीपर्यंत ती फूट पक्की होते. ऑगस्टनंतर कात्री लावायची नाही. एखादी फांदी वाटेत आली तर तेवढीच काढा.

तरीही सपाट कुंपण आणि भरपूर फळ एकाच झाडाकडून मागू नका. तुमच्या प्लॉटला मी असं सुचवेन. पश्चिमेच्या तारेला लागून कुंपणाची ओळ लावा, रोपांत अडीच फूट अंतर ठेवून. ही ओळ तुम्ही हवी तशी कापा, तिच्याकडून चार मुठी करवंदं मिळाली तरी पुष्कळ. आणि नैऋत्येच्या कोपऱ्यात, जिथे फारसं कुणी जात नाही, तिथे दोन-तीन झाडं सात-आठ फुटांवर सुटी लावा. त्यांना आकार देऊ नका. फक्त वाळलेलं, एकमेकांत अडकलेलं आणि जमिनीवर लोळणारं काढत राहा. चांगलं वाढलेलं सुटं झाड चार-पाच किलो करवंदं देतं. पोरांचं खाणं, एक बरणी लोणचं आणि शेजारी एक वाटी द्यायला एवढं होतं.

तारेपासूनचं अंतर लोक नेहमी कमी धरतात. ओळ तारेच्या आत किमान अडीच-तीन फूट हवी. करवंद आडवं वाढतं, आणि रस्त्यावर आलेल्या फांदीने कुणाच्या स्कूटरचं टायर गेलं की भांडण तुमच्या दारात येतं. फाटकापासून, गाडी वळवायच्या जागेपासून आणि पाण्याच्या टाकीच्या झाकणापासूनही लांब ठेवा. टाकी धुवायला येणारा माणूस दुसऱ्यांदा येणार नाही.

आता रोप कुठलं. गुलाबी-पांढऱ्या फळांचं रोपही करवंदच आहे, फसवणूक नाही. पंतनगरच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या पंत मनोहर, पंत सुदर्शन अशा जाती आहेत, त्यांची फळं अशी पांढरट-गुलाबी दिसतात. ही जात लोणच्याला आणि मुरंब्याला फार चांगली. केकवर आणि पानात जी लालभडक ‘चेरी’ मिळते ती बहुतेक वेळा पाकात मुरवून रंगवलेलं करवंदच असतं, त्यालाही असलीच फळं वापरतात. पण झाडावरून तोडून तोंडात टाकायला म्हणाल तर ती आंबट. डोंगरावरच्या काळ्या करवंदाची गोडी तिथे शोधू नका. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही जात आपल्याकडच्या हवेला जवळची आहे आणि फळ मोठं येतं. कलम खात्रीच्या ठिकाणचं मिळालं तर सुट्या झाडांपैकी एक ते लावा.

एक फसगत मात्र होते. काही ठिकाणी ‘करवंद’ म्हणून किंवा नुसतं ‘कॅरिसा’ म्हणून एक बुटकं, तुकतुकीत पानांचं झाड देतात. त्याची फुलं आपल्या करवंदापेक्षा बरीच मोठी, फळ पिकल्यावर लाल आणि लांबट. ते दक्षिण आफ्रिकेतलं भावंड आहे. दिसायला देखणं, पिकलेलं फळ खाताही येतं, पण तुम्हाला स्थानिक झाड हवंय ना, मग ते नको. रोप घेताना फुलाचा आकार विचारा, आणि फूल नसेल तर फळाचा पिकल्यावरचा रंग. काळा-जांभळा सांगितला तर घ्या.

माझं स्वतःचं मत विचाराल तर कुंपणाच्या ओळीला विकतचं रोप घेऊच नका, बियांपासून करा. मे महिन्यात साताऱ्याच्या स्टँडजवळ, कासच्या रस्त्याला जावळीकडच्या बायका टोपल्या घेऊन ‘डोंगरची काळी मैना’ विकायला बसतात. दोन-चार जणींकडची चाखून बघा. बियांच्या रोपांत गोडीचा भरवसा नसतो, पण आईच आंबट निवडली तर लेक गोड निघायची आशा कमी. जी आवडतील त्यातली पूर्ण काळी, मऊ पडलेली फळं बाजूला काढा. फळ कुस्करून बिया राखेत चोळा म्हणजे चिकट गर सुटतो, मग धुऊन दोन दिवस सावलीत पसरा. एवढ्यावर थेट पेरायचं. करवंदाचं बी साठवून ठेवण्याचं नाही, महिने गेले की उगवण घसरत जाते. पुढच्या वर्षीसाठी म्हणून डबीत ठेवलेलं बी बहुधा फुकट जातं.

पिशव्यांत माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत सारख्या भागाने भरा, बी अर्धा इंच खोल टाका, सावलीत ठेवा. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसायला लागतात. पहिलं वर्ष रोप अगदी रडवतं, पावसाळा संपला तरी वीतभरच. खाली मूळ मात्र खोल जात असतं. पुढच्या जूनला ते जमिनीत लावायचं. फळ साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून.

घाई असेल तर गुटी. जून-जुलैत पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वर्षभराच्या फांदीवर इंचभर साल गोल काढायची, वाहणारा चीक फडक्याने पुसून थोडा सुकू द्यायचा, वर मुळ्या फुटायची पावडर लावून ओलं शेवाळ प्लास्टिकने घट्ट बांधायचं. दोन-अडीच महिन्यांत मुळ्या दिसल्या तर कापून पिशवीत. सगळ्या गुट्या धरत नाहीत, म्हणून दोन हव्या असतील तर पाच बांधा. साध्या छाट कलमाच्या नादी लागू नका, जास्वंदीसारखं ते पटकन धरत नाही.

दिरांना मात्र सांगा, जाळी उपटून आणायची नाही. कासच्या बाजूचा बराच भाग राखीव वनात येतो, कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आहे, तिथून झाड उपटणं हा वन कायद्याखाली गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी हा उद्योग फुकट जातो. कातळाच्या भेगेत शिरलेलं मूळ पूर्ण निघतच नाही, वर तुटतं, आणि आणलेली जाळी पंधरा दिवसांत वाळून काटक्या होते. शिवाय त्याच जाळ्यांवर ज्या बायकांचा उन्हाळा निघतो त्यांच्या टोपलीत तेवढी करवंदं कमी पडतात.

लावणीचं फार अवघड नाही. तुमचा मुरूम करवंदाला मानवतो, त्यात लाल माती भरून ‘सुधारायची’ गरज नाही. दीड फूट लांब, रुंद, खोल खड्डा मे महिन्यात काढून उन्हात तापू द्या. पहिले दोन चांगले पाऊस झाले की निघालेल्या मातीतच एक घमेलं कुजकं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळून भरा आणि रोप लावा. बांधकामाचा राडा, सिमेंटचे गोळे तेवढे वेचून काढा. नव्या घराभोवती झाडं न लागण्याचं निम्मं कारण तेच असतं. रोपाभोवती पाणी साचणार नाही असं बघा, बाकी पहिल्या वर्षी गवत काढण्यापलीकडे काम नाही.

पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्या, रोज शिंतोडे नकोत. तिसऱ्या वर्षापासून झाड आपलं आपण बघतं. माण-खटावच्या उजाड माळावर, जिथे पावसाचं खरं नसतं, तिथेही करवंद तग धरतं. फक्त फळं ज्वारीच्या दाण्याएवढी धरली की मार्च-एप्रिलमध्ये तीन-चार वेळा पाणी द्या. फळ भरतं, गळ कमी होते. युरिया अजिबात नको. नत्र जास्त झालं की हिरवीगार लांब फूट निघते, काटे हे एवढाले, आणि फूल नाही. जूनला छाटणीनंतर झाडामागे एक-दोन घमेली शेणखत, बस्स. रोगकिडीचा त्रास फारसा होत नाही. कधी पानं खाणारी अळी, कधी शेंड्यावर पिठ्या ढेकूण दिसतो. पाण्याचा जोराचा फवारा, नाही भागलं तर निंबोळी अर्क.

काट्यांबद्दल मी गोड बोलणार नाही. पेऱ्यावर दोन-दोन काटे असतात, बऱ्याचदा पुढे दुभंगलेले, बोटाच्या दोन पेरांएवढे लांब. कोवळे असताना लवचिक, जून झाले की चप्पल आरपार. झाडावरचा काटा दिसतो म्हणून तो फार टोचत नाही. खरा त्रास छाटलेल्या फांद्यांचा. त्या वाळल्या की पानं गळतात, मातीच्या रंगाच्या होतात आणि मग वर्षभर कुणाच्या ना कुणाच्या पायात निघत राहतात. म्हणून छाटणी करताना खाली जुनी ताडपत्री अंथरा, सगळं त्यात गोळा करा आणि त्याच दिवशी हलवा. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका, दुसऱ्या वर्षी खत हाताने उचलाल तेव्हा आठवण येईल. हातात वेल्डिंगवाले वापरतात ते चामड्याचे मोजे घाला, बागेचे कापडी मोजे कामाचे नाहीत. कात्री चिकाने चिकटते, ती रॉकेलच्या किंवा गोड्या तेलाच्या फडक्याने पुसायची. चीक डोळ्याला लागू देऊ नका. झाड कण्हेरीच्या कुळातलं असलं तरी करवंद विषारी नाही, ही भीती मनातून काढा. पिकलेलं फळ खाताना ओठ चिकटतात तेवढंच.

मुलं पाच वर्षांच्या आतली असतील तर खेळायच्या बाजूला करवंद नको. तिथे फालसा लावा. तोही इथलाच, काटा नाही, फळ वाटाण्याएवढं, आंबट-गोड, पिकल्यावर जांभळं. त्याची रीत करवंदाच्या उलट आहे. डिसेंबर-जानेवारीत तीन फुटांवर चांगला बेदम छाटायचा, कारण फळ त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर येतं. फळं एकदम पिकत नाहीत आणि तोडल्यावर टिकतही नाहीत, त्यामुळे बाजारात फारसा दिसत नाही. घरच्या अंगणासाठी हीच त्याची खुबी, पोरं रोज संध्याकाळी पाच-दहा तोडून खातात. थोडी मोठी झाली की आपोआप करवंदाकडे वळतील. करवंद फोडून ‘कोंबडा की कोंबडी’ खेळायला झाड दारातच हवं. आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, हे त्यांना आजीने सांगितलं नसेल तर तुम्ही सांगा.

तुमच्या माहेरचं उत्तर वेगळं आहे. सांगली-मिरजेची कृष्णाकाठची काळी जमीन पावसात फुगते आणि पाणी धरून ठेवते. करवंदाला कोरडं चालतं, पाय ओले चालत नाहीत. थोडा खारटपणा ते सहन करतं, पण पाणी आठवडाभर मुळाशी उभं राहिलं की पानं पिवळी पडून खालून मर सुरू होते. तिथे जमिनीत खड्डा काढायचाच नाही. काळ्या मातीत काढलेला खड्डा पावसाळ्यात हौद होतो. त्याऐवजी दोन फूट उंच, तीन-चार फूट रुंद वरंबा करा, त्यात निम्मा मुरूम मिसळा आणि रोपं वरंब्याच्या माथ्यावर लावा. घर २०१९च्या महापुरात पाणी आलेल्या भागात असेल तर मी करवंदाचा आग्रह धरणार नाही. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या हलक्या माळरानावर मात्र बिनधास्त लावा, तिथे ते साताऱ्याइतकंच खुशीत असतं. आणि तुमची कुणी मैत्रीण महाबळेश्वर-बामणोलीकडे असेल तर तिला पाण्याच्या निचऱ्याबरोबर उन्हाचीही काळजी घ्यायला सांगा. दाट सावलीत करवंद उंच, विरळ होतं आणि फुलत नाही. तिथल्या सावलीच्या अंगणाला अंजनी बरी. वाढ सावकाश, पण निळी फुलं खोडाला चिकटून येतात ती बघण्यासारखी, आणि फळं पाखरांना.

तोडणीचं एकच सांगतो. लोणच्याला करवंद हिरवं हवं आणि आतलं बी कोवळं असतानाच, म्हणजे साधारण एप्रिलच्या मध्यापर्यंत. बी टणक झालं की लोणच्यात दाताखाली येतं. देठाकडून चीक येतो, म्हणून तोडल्यावर चिरा देऊन तासभर मिठाच्या पाण्यात ठेवा, पाणी फेका, मग फोडणीचं बघा. खायला ठेवायची ती झाडावरच काळी होऊ द्या. लालसर असताना तोडून घरात ठेवली तर रंग येतो, गोडी येत नाही.

राहिली घाणेरी. ती ठेवू नका. फुलपाखरं येतात म्हणून लोकांना तिचा लोभ असतो, पण ती अमेरिका खंडातून शोभेसाठी आणलेली आणि आपल्या डोंगरांवर पसरलेली वनस्पती आहे. जिथे ती माजते तिथे करवंदाच्या जाळ्यांची जागा खाते. तिची काळी फळं मुलांनी खाऊ नयेत, हिरवी तर अजिबातच नाही, आणि पाला गुरांना बाधतो. नुसती कापली तर बुडातून पुन्हा दुप्पट फुटते. जुलैत माती भिजून मऊ झाली की कुदळीने गड्ड्यासकट काढा, फळं लागलेली असतील तर आधी ती तोडून पोत्यात भरा आणि मगच फांद्या ओढा. कोपरा मोकळा ठेवू नका, त्याच पावसात तिथे करवंदाची सुटी रोपं लावून टाका. बुलबुल करवंदं खायला येतील तेव्हा कुठून तरी घाणेरीचं बीही टाकतील, त्यामुळे दर दिवाळीच्या सुमारास झाडाच्या बुडाशी वाकून बघा. खरखरीत, दातेरी पानाचं, चुरडल्यावर उग्र वास येणारं रोप दिसलं तर ते घाणेरीचं. वीतभर असताना दोन बोटांनी निघतं.